दात काढल्यावर मला दूर ठेवा

मी एक जुनी चांदीची नळी आहे. वीतभर लांब, खाली चपटी आणि बारीक भोकांची, वर ओठांत धरायच्या जागी सोन्याचं नाजूक कडं. दक्षिण अमेरिकेतल्या आमच्या पाराग्वायमध्ये मला बोंबिया म्हणतात. बोंबलाशी माझं काही नातं नाही, तेव्हा उगाच नाक मुरडू नका. बैलाच्या शिंगाच्या पेल्यात येर्बाचा कडू पाला भरायचा, त्यात मला रोवायचं, वरून बर्फाचं पाणी ओतायचं आणि माझ्यातून ते ओढून प्यायचं. या पिण्याला तेरेरे म्हणतात. उन्हाने जीव नकोसा झाला की आमची माणसं जेवण विसरतील, पण तेरेरे विसरणार नाहीत.

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी भित्री आहे. तुम्ही म्हणाल, नळीला कसली आली भीती? पण माझं सगळं आयुष्य माणसांच्या तोंडात गेलं. घरच्यांपासून माणूस काहीही लपवू शकतो, माझ्यापासून नाही. कोणाचा दात किडला, कोणाची हिरडी आतून सडली, ते मला त्याच्या बायकोच्या आधी कळतं. आणि कळूनही मला तोंड उघडता येत नाही, कारण माझ्या तोंडातून फक्त पाणी जातं.

माझा जन्म लुके गावातल्या एका सोनाराच्या हातून झाला. त्याने मला भट्टीत लाल केलं, ठोकलं, वाकवलं आणि शेवटी ओठांना लावून माझ्यातून फुंकर मारून पाहिली. मला विकत घेतलं तोबाती गावच्या एका वीटभट्टीवाल्याने. त्याला दोन मुलगे. थोरला सिन्फोरियानो, धाकटा एलाडियो. बाप गेल्यावर मी थोरल्याकडे आले.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. भट्टीजवळ आंब्याचं मोठं झाड होतं. उन्हं चढली की विटा थापणारे सगळे हात धुऊन त्याखाली गोल करून बसत. सगळ्यांत लहान असेल त्याने वाढायचं. पेला एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाई आणि मी एकाच्या ओठांतून दुसऱ्याच्या. सिन्फोरियानो मला राखेने घासून लख्ख करत आणि पाहुण्याला सांगत, "बापाची आहे. जपून धर." बैठकीचा एक नियम होता. पेला परत देताना 'ग्रासियास' म्हणजे आभार म्हटलं, की त्याचा अर्थ बास, आता मला नको. घोटही न घेता ग्रासियास म्हणणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. तसं करणं म्हणजे समोरच्याचा अपमानच.

मग एका उन्हाळ्यात सिन्फोरियानोंच्या तोंडाला वास येऊ लागला. मला सगळ्यांत आधी आला. खालची मागची दाढ आतून पोखरली होती. ते त्यावर तंबाखू दाबत, उसाच्या दारूने चुळा भरत आणि कामाला लागत. कोणी विचारलं तर म्हणत, "दाढच आहे, बाळंतपण नाही." महिने गेले. गाल सुजून डोळा मिटू लागला तेव्हा ते जत्रेतल्या एका दात उपटणाऱ्याकडे गेले. दाढ निघाली. पण सूज तोवर गळ्यात उतरली होती. त्यांना थुंकीही गिळता येईना, श्वास घेता येईना. शहरातल्या इस्पितळाच्या वाटेवर, बैलगाडीत, धाकट्या भावाच्या मांडीवर ते गेले.

एलाडियोंनी त्यातून एकच गोष्ट मनाशी पक्की धरली. दाढ उपटली म्हणून भाऊ मेला. मला माहीत होतं की दाढ इतके महिने ठेवली म्हणून ते गेले. पण मला विचारतो कोण?

त्यानंतर मी एलाडियोंची झाले. ते विधुर. मुलगी निमिया त्यांच्याबरोबर राहायची आणि भट्टीचा सगळा व्यवहार सांभाळायची. शेजारी न्या देल्फिना राहत; न्या म्हणजे आमच्याकडे बाई. बाप्तिस्म्याच्या वेळी निमियाला हातांवर घेणाऱ्या तिच्या धर्मआई. अंगणात खलबत्ता घेऊन बसणाऱ्या आणि कुठल्याही दुखण्यावर पाला कुटून देणाऱ्या. निमिया रोज सकाळी त्यांच्यापुढे हात जोडून आशीर्वाद मागायची आणि आशीर्वादाबरोबर तासभर ऐकून घ्यायची.

आणि मग, मित्रांनो, एके दिवशी मला तो वास पुन्हा आला.

मी एलाडियोंच्या तोंडात होते. बर्फाचं पाणी उजव्या बाजूला पोचलं आणि त्यांचा जबडा असा करकचून मिटला की माझ्या सोन्याच्या कड्याला पोचा पडला. दुसऱ्या दिवसापासून ते मला डावीकडे धरू लागले. मागच्या उजव्या दाढेजवळ तोच सडका, गोडसर वास. त्यांच्या भावाचा. माझी चांदी भर उन्हात गारठली. मला ओरडावंसं वाटलं. पण माझ्यातून आलं ते नेहमीचं गुडगुड, तळाला पाणी संपल्यावर येतं ते.

निमियाची नजर मात्र तिखट.

"पापा, हल्ली एकाच बाजूने पिता तुम्ही."

"बाजू काय नि काय! तोंड माझं, नळी माझी."

"चिपाचा पावही भिजवून खाता. दाढ दुखतेय ना?"

"काही दुखत नाही. तुझी जीभ तेवढी दुखते मला."

"डॉक्टरबाईंकडे जाऊ या."

एलाडियोंनी पेला आपटून खाली ठेवला. पेल्यातलं पाणी माझ्या बाजूने हिंदकळलं. "माझ्या भावाची दाढ उपटली आणि आठवड्यात त्याला पुरलं," ते म्हणाले. "मला मरायचं असेल तेव्हा मी सांगेन तुला."

 निमियाचीही एक दाढ तुटलेली होती, फक्त मूळ उरलेलं. काढायची असं डॉक्टरबाईंनी केव्हाच सांगितलं होतं आणि तीही चालढकल करत होती. बापाचीच लेक. त्या संध्याकाळी ती त्यांच्यासमोर येऊन बसली.

"ठरलं. आधी मी काढते. मी मेले तर तुम्ही जाऊ नका. जगले तर सोमवारी तुमचा नंबर."

"असलं अभद्र बोलू नको!"

"मग कबूल का ते बोला."

 एलाडियोंनी होकारार्थी मान डोलावली. मला एवढा आनंद झाला की काय सांगू. आणि त्याच वेळी भीतीही वाटली, कारण आता सगळं त्या पोरीच्या एका जखमेवर अवलंबून होतं.

डॉक्टर लिलियान गावच्या दवाखान्यात बसत. निमिया सकाळी गेली आणि कापूस दाबून, गाल बधिर करून परत आली. डॉक्टरबाईंनी पुष्कळ काही सांगितलं होतं, पण घाबरलेल्या माणसाच्या कानांत निम्मंच शिरतं. तिला आठवलं ते एवढं, की कापूस दाबून धर, मऊ खा, गरम काही नको, थंड घे.

"थंड!" न्या देल्फिनांनी टाळी वाजवली. "मग त्यात विचारायचं काय? तेरेरेपेक्षा थंड काय असतं? आणते पुदिना, कोकूचा पाला आणते. जखमेचा दाह असा ओढून काढीन!"

खलबत्त्याचा खणखणाट झाला. बर्फ फुटला. पेला भरून निमियाच्या हाती आला. तिने कापूस काढून टाकला आणि मला ओठांत धरलं. मी तिच्या गालाच्या आत होते. तिथे दाढेच्या जागी एक खड्डा होता आणि त्या खड्ड्यावर रक्ताची एक मऊ गाठ नुकती बसत होती. जखमेचं झाकणच ते. तिने ओढलं. ती गाठ हलली. थंडाव्याने तिला बरं वाटलं, तिने पुन्हा ओढलं. माझ्या तोंडाशी रक्ताची खारट चव आली आणि मी घाबरले, पण काय होतंय ते मलाही नीट उमगलं नव्हतं.

"बघा पापा," निमिया तिरक्या तोंडाने हसली. "मेले का मी?"

"सोमवारी," एलाडियो पुटपुटले. "म्हटलं ना, सोमवारी."

ती संध्याकाळभर पीत राहिली. दुसऱ्या दिवशीही. ती गाठ केव्हा सुटली आणि येर्बाच्या पाण्याबरोबर पोटात गेली, ते तिला कळलंही नाही. मला कळलं. खड्डा रिकामा झाला होता आणि आत पांढरं हाड उघडं पडलं होतं.

रविवारी सकाळी निमिया उठली ती कानशील धरूनच. दुखणं जबड्यातून कानात, कानातून डोक्यात चढत होतं. तिला भिंत धरून चालावं लागत होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही ती गालाला हात लावू देत नव्हती. तोंडाला वास येत होता. एलाडियो तिच्याजवळ वाकले आणि तो वास त्यांना आला. त्यांचा चेहरा एकदम राखेसारखा झाला.

"माझ्या भावासारखंच," ते म्हणाले. "अगदी तसंच."

"पापा, डॉक्टरबाईंकडे..."

"त्या बाईकडे? जिने हे केलं तिच्याकडे? मी जिवंत असेपर्यंत नाही! आणि माझ्या सोमवारचं तर नावच काढू नको."

न्या देल्फिना रडत होत्या आणि पाला कुटत होत्या. कुटायचं थांबवलं तर त्यांना काही सुचलंच नसतं. "थंड पी पोरी, थंड पी. आत आग पडलीय, विझायला हवी." आणि मला पुन्हा त्या उघड्या हाडाजवळ नेलं. थंड पाणी हाडाला लागलं तशी निमिया किंचाळली. मित्रांनो, तेव्हा मला सगळं उमगलं. आग मीच लावत होते. आणि विझवायलाही मलाच बोलावत होते!

त्याहून मोठी भीती मला पलीकडे दिसत होती. एलाडियोंनी धास्तीने घोट घेतला तेव्हा मी त्यांच्या उजव्या गालाला टेकले. गाल टणक झाला होता. सूज सुरू झाली होती. ते उसाच्या दारूने चुळा भरत होते, त्यांचा भाऊ भरायचा तशाच.

सोमवारी सकाळी निमियाने कोणालाच विचारलं नाही. डोक्याला घट्ट ओढणी गुंडाळली आणि निघाली. न्या देल्फिना मागोमाग धावल्या. आमच्याकडे माणूस प्रेताच्या मागून जातानाही थर्मास आणि पेला बगलेत घेऊन जातो, तेव्हा मीही बरोबर निघाले. आणि आमच्या मागून हॅट हातात चुरगाळत एलाडियो, रस्त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "तिला जाब विचारतो! भावाचाही विचारतो!" दवाखान्याच्या दारापाशी मात्र त्यांचे पाय अडले. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

बाकावर बसल्या बसल्या न्या देल्फिनांनी सवयीने पेला भरला आणि निमियाने सवयीने मला तोंडात धरलं. तेवढ्यात दार उघडलं.

"थांब! काढ ते! आधी ते तोंडातून काढ!"

डॉक्टर लिलियान धावतच आल्या आणि त्यांनी पेला निमियाच्या हातातून काढून घेतला. असा पेला हिसकावून घेणारं माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"कधीपासून पितेयस?"

"काढली त्या दिवसापासून," निमिया कण्हत म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, थंड घे."

"थंड घे, पण कपाने! ओढून काही प्यायचं नाही, हे दोनदा सांगितलं होतं मी."

"कपाने तेरेरे?" न्या देल्फिना उसळल्या. "डॉक्टरबाई, तुम्ही कुठल्या गावच्या? तसं कोणी पितं का?"

"मी इथलीच, न्या देल्फिना. मीही रोज पिते. पण कच्ची वीट उन्हात ठेवली की तुम्ही तिच्यावर पाय देता का? बोट तरी लावता का? जखमेवर रक्ताची गाठ बसते ती कच्ची वीट. तिला तिथे बसू द्यायचं. या नळीने तुम्ही ती ओढून काढलीत. आता खालचं हाड उघडं पडलंय आणि ते ठणकतंय. मरणार कोणी नाही. मीही त्या दिवशी विचारायला हवं होतं, तेरेरे बंद ठेवशील ना म्हणून. आपल्याकडे तेच विचारायचं राहून जातं."

उंबऱ्याबाहेर हॅट चुरगाळण्याचा आवाज थांबला.

निमियाला खुर्चीवर घेतलं. डॉक्टरबाईंनी खड्डा हलक्या हाताने धुतला आणि लवंगेच्या वासाचं औषध आत भरलं. न्या देल्फिना मला घट्ट धरून जपमाळेसारखं फिरवत होत्या. थोड्या वेळाने निमियाच्या मुठी सैल पडल्या. तिने डोळे उघडले.

"गेलं," ती म्हणाली. "पापा, दुखणं गेलं!"

एलाडियो आत आले. मुलीचा चेहरा त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले. डॉक्टरबाई त्यांच्याकडे नीट पाहत होत्या.

"डॉन एलाडियो, तुमचा गाल सुजलाय."

ते एक पाऊल मागे सरले. "डास चावला."

"तोंड उघडा."

"उद्या येतो."

"आत पू साचलाय. गळ्यात उतरायच्या आत त्याला वाट करून द्यायला हवी. उद्या कदाचित माझ्या हातात राहणार नाही. तुमच्या भावाचं काय झालं ते मला गावाने सांगितलंय. त्यांची दाढ काढली म्हणून ते गेले नाहीत. इतक्या उशिरा काढली म्हणून गेले."

इतकी वर्षं जे मला सांगायचं होतं, ते शेवटी कोणीतरी बोललं.  एलाडियोंनी न्या देल्फिनांच्या हातातून मला घेतलं, शर्टाला पुसलं आणि छातीवरच्या खिशात ठेवलं. मग ते खुर्चीवर बसले.

मित्रांनो, मी त्या खिशात होते. मला काही दिसत नव्हतं. सुई टोचली तेव्हा त्यांचं काळीज माझ्यावर असं आदळलं की मला सोनाराची हातोडी आठवली. हत्यारांचा आवाज येत होता. कुठेतरी करकर झाली. काळीज एकदम थांबल्यासारखं वाटलं आणि मी मनात म्हटलं, गेले. हेही गेले. मग लांबून डॉक्टरबाईंचा आवाज आला. "झालं. निघाली. कापूस चावून धरा." आणि खिशाखालचं काळीज हळूहळू चालीवर आलं.

या वेळी डॉक्टरबाईंनी निमियाला सगळं परत म्हणायला लावलं आणि निमियाने ते शाळेतल्या मुलीसारखं म्हटलं. कापूस दाबून धरायचा, सारखा बदलत बसायचं नाही. जोराने चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, लाळ नुसती ओघळू द्यायची. जिभेने किंवा बोटाने खड्डा चाचपायचा नाही. विडी नको, दारू नको. पहिला दिवस गेला की कोमट मिठाचं पाणी तोंडात धरून मान कलती करून सोडायचं. बाकीचे दात रोज मऊ ब्रशने घासायचे. झोपताना डोकं उंच. औषधाच्या गोळ्या संपेपर्यंत घ्यायच्या. सूज किंवा ताप वाढला, गिळायला त्रास झाला तर धावत यायचं, वाट बघायची नाही. "आणि नळीने काही प्यायचं नाही," निमिया शेवटी म्हणाली आणि बापाच्या खिशाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढली. आंब्याखाली सगळे गोल बसले. एलाडियो उशीला टेकून होते, शेजारी मांडियोकच्या कंदाचं निवलेलं मऊ सूप आणि कपभर साधं पाणी. मला बाकीच्यांच्या पेल्यात रोवलं होतं. पेला फिरत फिरत त्यांच्यापाशी आला. इतक्या वर्षांची सवय. त्यांचा हात पुढे आला, बोटं पेल्याला लागली. निमिया श्वास रोखून पाहत होती. न्या देल्फिनांनी ओठ दाबले. माझ्या तर अंगाचं पाणी झालं. आता काय करतात हे?

एलाडियोंनी पेला तसाच शेजाऱ्याकडे सरकवला.

"ग्रासियास," ते सुजलेल्या गालातून म्हणाले.

एक घोटही न घेता. कोणी रागावलं नाही. न्या देल्फिना तेवढ्या पुटपुटल्या, "कपाने द्या त्यांना. पाला मी गाळून ठेवलाय," आणि सगळे हसले. त्यानंतर जखम भरेपर्यंत मला पेटीत, मऊ फडक्यात ठेवलं गेलं. आत अंधार होता. वापरात नसलेल्या वस्तूला फार वाईट वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं. मला पहिल्यांदाच निर्धास्त झोप लागली.

आता ते पुन्हा मला उजव्या बाजूला धरतात. तिथे दाढ नाही, पण वासही नाही, आणि बर्फाचं पाणी लागलं तरी जबडा करकचत नाही. तरी माझी भीती पूर्ण गेली असं म्हणणार नाही. नवीन माणूस बैठकीत आला की मी आधी त्याच्या दाढा चाचपते.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला शेवटी सांगतात की आम्हाला टाकू नका, आम्हाला वापरा. मी उलटं मागते. दाढ ठणकायला लागली तर भीतीपोटी ती लपवू नका, माझ्या सिन्फोरियानोंनी लपवली तशी. आणि ती काढून आलात की माझ्यापासून, माझ्या कागदाच्या आणि प्लॅस्टिकच्या भावंडांपासून, जखम भरेपर्यंत दूर राहा. कोणी प्रेमाने मला तुमच्या ओठांपाशी आणलं, तर फक्त ग्रासियास म्हणा. मला राग येणार नाही.